पाचशे मीटरच्या आत

सतरा मेंढरं एका दुपारात मेली, पण मंजुळाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

लोक म्हणाले, बाई लई धीराची. धीर कसला घेऊन बसलात? ती नुसती बघत होती. कोणत्या मेंढीच्या तोंडाला किती फेस आलाय, कोणत्या कोकराचे पाय कुठल्या अंगाला ताठलेत, हे एकेक करून मनात ठेवत होती. ज्याला पुढं मागायचं असतं तो आधी नीट बघून ठेवतो.

मेंढरं मेली ती सर्जेरावच्या रानात. ढवळवाडीच्या खालच्या अंगाला, देवगाव रंगारीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून सर्जेरावचं आठ एकर मक्याचं रान, आणि बांधापलीकडं त्याचा ड्रमांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याचं शेड आणि समोर निळ्या ड्रमांची रास. शहराकडच्या कंपन्यांत ॲसिड, रंग, औषधं भरून आलेले ड्रम रिकामे झाले की भंगारात निघतात. सर्जेराव ते आणायचा, गरम कॉस्टिक सोड्यानं धुवायचा आणि धान्य-पाणी साठवायला लोकांना विकायचा. निम्म्या तालुक्याचं प्यायचं पाणी सर्जेरावच्या ड्रमात, आणि ड्रम धुतलेलं पाणी ढवळवाडीच्या नाल्यात.

माघ सरता सरता या सर्जेरावनंच सोनाजीला हाक मारली होती. सोनाजी म्हणजे मंजुळाबाईचा नवरा. आज्या-पणज्यापासून मेंढरं राखणारं घर. "सोनाजी, मका निघालाय, मेंढरं बसव माझ्या रानात," एवढंच सर्जेराव बोलला. मेंढरं बसवायची म्हणजे आठ-दहा दिवस कळप त्या रानात कोंडायचा. लेंड्यांचं खत रानाला, आणि त्याबदली धान्य मेंढपाळाला. ह्याला कागद नसतो. बोललं, बसलं, धान्य घेतलं, उठलं.

सहाव्या दिवशी ऊन चढलं तशी मेंढरं सोनाजीच्या हाकेला न जुमानता नाल्यात उतरली. पाणी पांढरट होतं, वर साबणासारखा फेस. तहानलेलं जनावर फेस कशाला बघतंय? तासाभरात पहिली मेंढी गुडघ्यावर बसली. तिच्यामागं दुसरी. दिवस कलायच्या आत सतरा. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या गावी होता, तो येईस्तोवर सर्जेरावनं जेसीबी लावून खड्डा घेतला आणि मढी पुरूनसुद्धा टाकली. वर उपकार केल्याचा आव.

तिसऱ्या दिवशी सोनाजी भरपाई मागायला ग्रामपंचायतीसमोर गेला. तिथं सर्जेराव चार माणसांत बसलेला.

"माझ्या रानात घुसायला तुला सांगितलं कुणी?" सर्जेराव म्हणाला.

सोनाजी गडबडला. "मालक, तुमीच तर म्हणलात, बसव म्हणून."

"कागद दाखव."

कागद कुठला? सोनाजीनं आजूबाजूला बघितलं. ज्यांची पोरं शेडात कामाला होती ते जमिनीकडं बघायला लागले. बाकीचे तंबाखू मळायला लागले.

"मेंढरं घातली ती घातली, वर पाण्याचं नाव काढून माझ्या धंद्याची बदनामी करतोस? माफी माग," सर्जेराव म्हणाला.

आणि सोनाजीनं मागितली. गरीब माणूस, उभ्या जन्मात कुणाला अरे म्हणालेला नाही. डोक्याचा पटका काढून त्यानं सर्जेरावच्या चपलेपाशी ठेवला. सर्जेरावनं पायाच्या अंगठ्यानं तो बाजूला सारला आणि म्हणाला, "उचल, मळंल." दोघं-तिघं हसले. समोरच्या पाणवठ्यावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या मंजुळाबाईनं ते सगळं बघितलं. सतरा मेंढरांपेक्षा तिला तो अंगठा जास्त लागला.

घरी तिनं सोनाजीला भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि म्हणाली, "जेवा. तुमी माफी मागितली, म्या मागणार नाय."

"मग काय करशील?"

"त्याचं शेड बंद पाडीन. ह्या गावात त्याला मान वर करून चालू देणार नाय."

सोनाजीनं भाकरी मोडली. बायको बोलते ते करते, हे त्याला तीस वर्षांत कळलं होतं.

*

गावच्या पाण्यात औषध टाकणारा बुद्धभूषण म्हणून होता. ग्रामपंचायतीचा पाणीवाला, तरणा, शिकलेला. त्यानं तिला सांगितलं की शहरात प्रदूषणाचं ऑफिस आहे, तिथं पाणी तपासतात. मंजुळाबाईनं थंड पेयाची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली. चुलीतल्या राखेनं आतून-बाहेरून घासली, विसळली, उन्हात वाळवली. नाल्यावर गेली आणि बाटली भरून आणली. मग देवगावहून एसटी धरली.

गाडीत शेजारी एक म्हातारा बसला होता. उन्हानं त्याचा जीव कासावीस झालेला. त्यानं बाटलीकडं हात केला.

"घोटभर दे गं बाई."

"पिऊ नका, बाबा. मराल."

म्हाताऱ्यानं बाटलीकडं बघितलं. पाणी निवळशंख. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुटपुटला, "पाणी नाय म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघितली." पुढच्या स्टॉपला तो उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. मंजुळाबाईला वाईट वाटलं, पण समजावून कुणाला सांगणार?

ऑफिसात राहत नावाच्या मॅडम भेटल्या. चाळिशीची बाई, डोक्यावरून ओढणी, जाड चष्मा, टेबलावर फायलींचा ढीग.

"काय आणलंय, मावशी?"

"इख."

राहतनं बाटली खिडकीकडं धरली. उलटी केली, सुलटी केली. मग विचारलं, "गाळलंय का हे?"

"मग? तसंच आणू व्हय? दुहेरी पदरानं गाळलंय. बाटलीबी राखंनं घासलीय."

पलीकडच्या टेबलावरचा कारकून फसकन हसला. राहत हसली नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे मावशी, ये क्या किया तुमने. घाण तर मला पाहिजे होती. ती तुम्ही गाळून नाल्यातच ठेवून आल्या. आणि राख लागली की पाण्याचा गुणच बदलतो."

मंजुळाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं पाणी भरलं, भांड्याच्या तोंडाशी हात आपसूक पदराकडं जातो. वैऱ्याचं इखसुद्धा तिनं गाळून आणलं होतं. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी असं तिला झालं.

"नसतं गाळलं तरी चाललं नसतं," राहतनं खुर्ची पुढं ओढली. "ऐका. केस करायची तर पाणी आम्ही घ्यायचं असतं, मालकाच्या समोर. हे तपासायला चाललंय अशी नोटीस त्याला तिथल्या तिथं द्यायची. त्याच्या देखत दोन बाटल्या भरायच्या, लाखेनं बंद करायच्या, दोघांनी सह्या करायच्या. असं पाणीच कोर्टात बोलतं."

"म्हंजी चोराला इचारून झडती घ्यायची?"

"विचारून नाही, त्याच्या समोर. आम्ही कधी येणार हे त्याला आधी कळायचं कारण नाही. पुढच्या बुधवारी त्या बाजूला माझा दौरा आहे. जागा दाखवायला तुम्ही थांबा, पण तोंड बंद ठेवा. कळलं तर ते नाला धुऊन ठेवतील, मग मी काही करू शकणार नाही."

मंजुळाबाई उठायला लागली तशी राहतनं सहज विचारलं, "एवढे ड्रम धुवायला पाणी कुठून आणतो हा माणूस?"

"बोअर हाय त्याची."

"गावच्या विहिरीपासून किती लांब?"

"लांब कशाची? विहिरीवरनं हाक मारली तर ऐकू जातीय."

"मग ते आणखी वेगळं. गावच्या प्यायच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर घेता येत नाही. रान तुमच्या नावावर असतं, मावशी, खालचं पाणी नसतं. त्यावर आधी गावाच्या तहानेचा हक्क. पण ते माझ्याकडं नाही, तहसीलीत. आणि तिथं दाखवावं लागतं की बोअर त्याचीच आहे, चालू आहे आणि विहिरीचं पाणी तोडते."

मंजुळाबाई "बरं" म्हणाली आणि जिना उतरली. पण मधल्या पायरीवर थांबली. कारण गावच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत आणखी एक बोअर होती, ती तिची स्वतःची. तीन वर्षांमागं बोअरची गाडी आली, त्या गाडीनं आदल्या दिवशी सर्जेरावची बोअर घेतली आणि दुसऱ्या दिवशी सोनाजीची. परवानगी दोघांनीही घेतली नव्हती. कुणाला माहीत होतं परवानगी लागते म्हणून? त्या बोअरवर तिची दोन एकर उन्हाळी बाजरी उभी होती आणि मेंढरांपुरतं घासगवत. तहसीलीचं नाव काढायचं नाही, असं तिनं एसटीत बसता बसता ठरवून टाकलं.

*

बुधवारपर्यंत आठ दिवस होते. आठ दिवस तोंड बंद ठेवणं म्हणजे मंजुळाबाईला बाळंतकळा दाबून धरण्यासारखं. तिनं कामात जीव घातला. उरलेल्या चौदा मेंढरांची लोकर कातरायला घेतली. सोनाजी मेंढीला मांडीखाली दाबून धरायचा आणि ती कातर चालवायची, कच कच कच. दोन मेंढ्यांना कातरीचं टोक लागून रक्त आलं. सोनाजी म्हणाला, "हळू. मेंढी हाय ती, सर्जेराव नाय." तिनं जखमेवर हळद दाबली आणि दुसरी मेंढी ओढली.

बाजरीत पाखरं उतरायची. दुपारभर रानातल्या माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवायची. तिथून सर्जेरावचं शेड दिसायचं, गरम पाण्याची वाफ दिसायची, पांढरा ओघळ नाल्याकडं जाताना दिसायचा. वाहू दे, ती मनात म्हणायची. बुधवारपतूर वाहू दे.

सोमवारी ती गिरणीवर दळण घेऊन गेली. बायांची रांग होती. सर्जेरावची गाडी येऊन थांबली. त्याला गिरणीवाल्याकडं काही काम होतं. काम झालं तरी तो गेला नाही. मंजुळाबाईकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंजुळाबाई, सोनाजीला म्हणावं, नवी मेंढरं घेतली की पुन्हा बसव माझ्या रानात. रान लई झकास खतवलंय गड्यानं."

एक-दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. सहा दिवसांचं धान्यसुद्धा त्यानं दिलेलं नव्हतं. मंजुळाबाईच्या डोक्यात काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"बुधवारी बघू कोण कुठं बसतंय ते," ती म्हणाली. "शहरातनं मॅडम येणार हायेत तुमच्या नाल्यावर. लाख घिऊन."

बोलली आणि जीभ चावली, पण गेलेला शब्द कुणाच्या हाती लागलाय? सर्जेरावचं हसू जागच्या जागी थांबलं. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "व्हय का? येऊ द्या की. चहा-पाणी करू." आणि गाडी घेऊन गेला.

पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मंजुळाबाई तरातरा घरी आली. सूड पोटात ठेवायचा असतो, हे शेंबड्या पोराला कळतं. तिला मात्र समोरच्याला सांगितल्याशिवाय गोड लागत नाही, ही तिची जन्मजात खोट.

*

मंगळवारी सकाळीच शेडाचं दार बंद झालं. बोअरची मोटर सुरू झाली ती थांबेचना. चार इंची पाइप सर्जेरावनं सरळ नाल्यात सोडला. मंगळवारचा सारा दिवस आणि बुधवारची सकाळ पाणी धो धो वाहत होतं. फेस गेला, ओघळ गेला, वासही गेला. ऐन फाल्गुनात नाल्याचे गोटे पावसाळ्यासारखे धुतलेले दिसायला लागले.

दहाच्या सुमारास राहतची जीप आली. ती नाल्यात उतरली, पाण्याकडं बघितलं, मग मंजुळाबाईकडं बघितलं. मंजुळाबाईनं मान खाली घातली. राहत काय समजायचं ते समजली.

सर्जेराव इस्त्रीचे कपडे घालून हजर होता. खुर्च्या, टेबल, थर्मासमधला चहा. राहतनं चहा घेतला नाही. तिनं नोटीस लिहिली, त्याला दिली, त्याच्या देखत दोन बाटल्या भरल्या. मेणबत्तीवर लाख वितळवली, बाटल्यांच्या तोंडावर थेंब पाडले, शिक्का दाबला. पंच म्हणून बुद्धभूषणला बोलावलं होतं. गाव गोळा झालं होतं. सर्जेरावनं सही केली आणि म्हणाला, "मॅडम, ह्यातली एक बाटली पिऊन दाखवू का?"

लोक हसले. सोनाजी बाभळीखाली उकिडवा बसला होता. त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं.

मंजुळाबाईला वाटलं, धरणी फाटली तर बरं. सगळं तिनं स्वतःच्या जिभेनं घालवलं होतं. तेवढ्यात वरून वच्छलाबाई आली, तिची शेजारीण, कमरेवर रिकामी घागर आणि हातात दोर-बादली.

"अगं मंजुळे, विहिरीला काय झालं गं?" ती म्हणाली. "बादली पाण्यात जाईना. खडकावर आपटून पोचा आला बघ. काल सांजपतूर कमरंइतकं पाणी व्हतं."

मंजुळाबाईनं बादलीच्या पोच्याकडं बघितलं. मग चार इंची पाइपाकडं बघितलं. पाइप अजून वाहत होता. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. आणि या वेळी तिनं जीभ दाताखाली धरली आणि मगच बोलली.

"मॅडम, ह्या पाण्याचं खरं समजू नका," ती मोठ्यानं म्हणाली. "हे कुठलं तरी टँकरचं पाणी आणून वतलंय. ह्यांच्या बोअरला कुठं एवढं पाणी? दोन ड्रम धुतले की गुळण्या टाकती."

सर्जेरावला तेवढं लागलं. बोअर म्हणजे त्याचा अभिमान. गावात एवढी खोल कुणाची नव्हती.

"टँकर कशाला आणू?" तो म्हणाला. "साडेपाचशे फूट बोअर हाय माझी. काल सकाळी चालू केलीय, अजून थेंब कमी झाला नाय."

"काय तरी सांगतात. मॅडम, लिहू नका असलं."

"का लिहू नका? लिहा मॅडम. सगळं पाणी माझ्या बोअरचं, काल सकाळपासून सलग चालू. लिहा, मी सही करतो."

राहतनं पेन उचललं आणि मंजुळाबाईकडं चष्म्यावरून एक क्षण बघितलं. मग खाली मान घालून लिहायला लागली. मालकाच्या सांगण्यानुसार नाल्यातला प्रवाह त्यांच्या स्वतःच्या बोअरचा, खोली साडेपाचशे फूट, काल सकाळपासून सलग उपसा सुरू. आजच सकाळी गावच्या विहिरीचा तळ उघडा पडल्याचं वच्छलाबाईंचं सांगणं, तेही तिनं खाली लिहिलं. सर्जेरावनं वरचं वाचलं, खालचं वाचायची त्याला गरज वाटली नाही. ठसठशीत सही ठोकली. एक प्रत ग्रामपंचायतीला गेली.

जीपमध्ये बसताना राहत हळूच म्हणाली, "मावशी, याचं पुढचं माझ्याकडं नाही. कुठं जायचं ते तुम्हाला सांगितलंय."

"ठाव हाय," मंजुळाबाई म्हणाली.

*

तीन आठवड्यांनी अहवाल आला. पाणी मर्यादेत. सर्जेरावनं तो प्लास्टिक चढवून शेडाच्या दारावर लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावू लागला. ड्रम पुन्हा धुतले जायला लागले, नाला पुन्हा पांढरा झाला. सोनाजी म्हणाला, "झालं आता. सोड."

मंजुळाबाईनं त्याला काही सांगितलं नव्हतं. पण त्याच्या आधीच ती बुद्धभूषणकडून अर्ज लिहून घेऊन कन्नडला तहसीलीत देऊन आली होती, पंचनाम्याची प्रत जोडून. अर्ज लिहिताना बुद्धभूषणचं पेन एका जागी थांबलं होतं. तो म्हणाला होता, "काकू, हे खरंच लिहू का?" ती म्हणाली होती, "लिही."

तलाठी आणि भूजल खात्याचा माणूस टेप घेऊन आले, विहिरीपासून मापं घेतली, पाण्याची पातळी बघितली, निघून गेले. आणि मग एका सकाळी सर्जेराव स्वतः चालत मंजुळाबाईच्या दारात आला. हातात नोटीस. बाजेवर बसला, पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला.

"सोनाजी," तो म्हणाला, "हे काय चाललंय? पाचशे मीटरच्या आत तुझीबी बोअर हाय. एकाच गाडीनं घेतल्या आपण. मी बोललो तर तुझीबी जाईल. बाजरी दाण्यात यायला लागलीय तुझी. मी गप्प बसतो, तुमी अर्ज मागं घ्या. दोघांचंबी पाणी राहील."

सोनाजीनं बायकोकडं बघितलं.

"आणि वर सतरा मेंढरं देतो," सर्जेराव म्हणाला. "पारखून घे बाजारात, तुझ्या मनाची."

सोनाजीच्या तोंडावर उजेड आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आला होता. तो म्हणाला, "अगं, मालक देतायत म्हणत्यात." मंजुळाबाईला त्याच्या तोंडाकडं बघवेना. सतरा मेंढरं. पुन्हा वाडा भरलेला, पुन्हा कोकरं, पुन्हा लोकर. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"एक करा, सर्जेराव," ती म्हणाली. "ग्रामपंचायतीसमोर चार माणसांत म्हणा, मेंढरं म्याच बोलावली व्हती आन माझ्याच पाण्यानं मेली. एवढं म्हणा. मेंढरंबी नकोत, अर्ज आजच्या आज मागं घेते."

सर्जेराव हसला. "तसं कसं म्हणू? माणसांत उभं राहायचं हाय मला."

"ह्यांनाबी व्हतं."

"म्हंजी तू ऐकत नाहीस?"

"नाय."

सर्जेराव उठला. गोडवा संपला होता. "मग ऐक. उद्या तहसीलीत जाऊन तुझी बोअर मी दाखवतो. माझी बंद झाली तर तुझीबी होईल. बाजरीच्या कडब्यावर रडत बसशील."

"तुमी कशाला तरास घेता?" मंजुळाबाई म्हणाली. "अर्ज उघडून बघा. पहिल्या नंबरला माझीच बोअर हाय, तुमची दुसऱ्या."

सर्जेरावनं नोटीस पुन्हा उलगडली. सोनाजीचा पाय लागून तांब्या कलंडला, पाणी बाजेखाली पसरलं.

"येडी झालीस काय गं?" सर्जेराव म्हणाला. "सोताच्या पाण्यावर पाय दिलास?"

"तुमच्या नरड्यावर पाय द्यायचा तर दुसरा पाय कुठं तरी रोवावा लागतो, सर्जेराव. माझ्याकडं तेवढीच जागा व्हती."

तो गेला. सोनाजी त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

*

बोअरी बंद करायला माणसं आली ती गुरुवारी. मंजुळाबाईनं सांगितलं, आधी माझी करा. तिच्या बोअरची मोटर वर ओढली, पाइप काढले, तोंडावर लोखंडी झाकण बसवून सील ठोकलं. तिनं अंगठा दिला. मोटरीला लोंबणारं ओलं शेवाळ उन्हात वाळायला लागलं. बाजरी दुधात होती, अजून दोन पाणी लागणार होती. तिनं बाजरीकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

मग सगळे सर्जेरावच्या शेडाकडं निघाले. ती पुढं, अधिकारी मागं, आणि त्यांच्यामागं निम्मं गाव. सर्जेराव तिथं नव्हता. त्याची बायको म्हणाली, ते सिल्लोडला गेलेत, तुमी करून टाका.

अधिकारी म्हणाले, "चालतं. आम्ही पंचनामा करतो."

"नाय," मंजुळाबाई म्हणाली. "माझी माझ्या देखत केली. त्यांची त्यांच्या देखत करा. बोलवा त्यांना."

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, फोन लावला. मंजुळाबाई एका पालथ्या ड्रमावर बसली. ऊन डोक्यावर होतं. लोक सावलीला सरकले, ती सरकली नाही. दोन तास झाले. कुणी तिला पाणी आणून दिलं, तिनं ते बाजूला ठेवलं. शेवटी सर्जेरावची गाडी आली. गाव सगळं बघत होतं. तो उतरला, कुणाकडं न बघता कागदापाशी गेला आणि सही केली. या वेळी सही वाकडी झाली. ते तिनं पोटभर बघितलं.

पाण्याशिवाय ड्रम कशात धुणार? टँकर आणून दोन आठवडे त्यानं रेटलं, मग शेडाला कुलूप लागलं. कामाची पोरं दुसरीकडं गेली. पोरं गेली तसे त्यांचे बाप बोलायला लागले. आता जो तो म्हणायचा, त्यानंच बोलावलं व्हतं सोनाजीला, आम्हाला ठाव हाय की. ग्रामपंचायतीसमोरून जाताना सर्जेराव लांबच्या गल्लीनं जायला लागला.

बाजरी उभ्या जागी वाळली. दाणा भरलाच नाही, कणसं हातात चोळली तर नुसता भुसा. घास जळाला. सोनाजीनं एका सकाळी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि चौदा मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला निघाला, जायकवाडीच्या कडेला पाणी असतं म्हणून. जाताना उंबऱ्यात थांबला. दीड महिन्यात पहिल्यांदा बोलला.

"सतरा देत व्हता तो," एवढंच म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

तो गेला. ती वाटेकडं बघत राहिली, मेंढरांची धूळ बसेपर्यंत. मग हंडा-कळशी घेऊन विहिरीवर गेली. विहिरीला पाणी चढलं होतं. वच्छलाबाई तिथं होती. तिनं मंजुळाबाईच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"बाजरी गेली तुझी," वच्छलाबाई म्हणाली. "पाणी गेलं. नवरा तोंड फिरवून गेला. कसं गं निभवतीस? घास तरी उतरतो का घशाखाली?"

मंजुळाबाईनं बादली सोडली. दोर हातातून सरसर गेला.

"उतरतो की. लई गोड लागती भाकर."

"पीठ कुठलं? घरात तर दाणा नाय तुझ्या."

"इकतचं आणते," ती म्हणाली आणि दोर ओढायला लागली. "इकतच्या पिठाचीबी गोड लागती."